आवाज आला, चित्र नाही

नांदेडच्या ज्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी काउंटरवर बसते, तिथे कामाच्या वेळात मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम आहे. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ड्रॉवर गुरगुरायला लागला. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. समोर उपाशीपोटी आलेल्यांची रांग होती, म्हणून मी लक्ष दिलं नाही. चौथ्यांदा मात्र ड्रॉवर जरा ओढून पाहिला. आईचा व्हिडिओ कॉल होता.

माझे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे आहेत. किल्लारीत राहतात. आप्पा शिलाईकाम करतात, आई काज-बटणं करते. आम्ही हातांनी बोलतो. आप्पा लहानपणी चार वर्षं लातूरला मूकबधिरांच्या शाळेत होते, त्यामुळे त्यांना शाळेतल्या खुणा येतात आणि थोडंफार वाचता येतं. आई बिलोलीकडची. ती शाळेत कधी गेलीच नाही. तिच्या खुणा माहेरच्या अंगणात तयार झालेल्या. आकडे कळतात, सही गिरवता येते, बाकी अक्षरओळख नाही. लोक मला सहज म्हणतात, "बहिऱ्या माणसाला काय, मेसेज टाकायचा." आईला मेसेज टाकून काही उपयोग नाही, हे दरवेळी समजावून सांगायचा मला आता कंटाळा येतो.

आमची बोलायची वेळ संध्याकाळी सातची. सकाळी अकराला आई कधी फोन करत नाही. मी रांगेतल्या बाईला "एक मिनिट" म्हणाले आणि फोन घेऊन मागच्या बोळात गेले.

कॉल लागला. आईचा चेहरा दिसला, तिचा उजवा हात छातीकडे जाताना दिसला आणि चित्र तिथंच अडकलं. आवाज मात्र येत राहिला. आई घाबरली की तिच्या घशातून एक बारीक, उंच आवाज निघतो. तो आपल्या तोंडून निघतो हे तिला आजवर माहीत नाही. तो आवाज येत होता. आणि त्याच्या मागे आणखी एक आवाज होता, दम लागलेल्या माणसाचा, मधूनमधून कण्हण्याचा. आप्पांचा.

व्हिडिओ कॉल असेच बनवलेले असतात. रेंज कमी झाली की ते आधी चित्र सोडतात आणि आवाज वाचवतात. ऐकणाऱ्या माणसांसाठी ते बरोबरच आहे. चित्र गेलं तरी बोलणं चालू राहतं. आमच्या घरात उलटं. मला सगळं ऐकू येत होतं आणि मी आईला एक अक्षर सांगू शकत नव्हते. तिच्या फोनवर मीही अडकलेलीच दिसत असणार.

कॉल तोडून पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चित्र हललं ते एवढंच की फोन जमिनीकडे झुकला आणि मला शिलाई मशीनचं पायडल दिसलं. त्याच्या शेजारी आप्पांचा पाय, चप्पल अर्धवट निघालेली.

आमच्या लॅबमध्ये एक वयस्क टेक्निशियन आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. नळ्यांचा ट्रे घेऊन ते बोळातून चालले होते. माझं तोंड बघून थांबले.

"क्या हुआ, बेटा?"

"आप्पांना काहीतरी झालंय. छातीत. दिसून नाही राहिलं, चाचा, चित्र अडकून राहिलंय."

त्यांनी ट्रे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "आधी नीट माहिती घे. मी इथंच थांबतो."

तेव्हा मला सुचलं. चालू कॉलला रेंज पुरत नाही, पण छोटी क्लिप काढून पाठवली तर ती सावकाश का होईना, पूर्ण पोचते. मी फोन कट्ट्यावर टेकवला, म्हणजे दोन्ही हात मोकळे, आणि दहा सेकंदांत विचारलं. आमच्या घरात आप्पांची खूण म्हणजे कात्रीसारखी दोन बोटं. कात्री, छाती, दुखतंय? कधीपासून? हात दुखतोय? घाम?

क्लिप गेली. ती पोचल्याच्या दोन टिका पडायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. मग तिकडून एक क्लिप आली आणि उघडायच्या आधी स्क्रीनवरचा तो लोडिंगचा गोल चकरा मारत राहिला. उघडली तेव्हा दिसलं, आईने फोन मशीनवर टेकवला होता. मागे आप्पा भिंतीला पाठ लावून बसलेले, सदरा भिजून अंगाला चिकटलेला. आईचे हात कधी नव्हे इतके भरभर चालत होते. कात्री. छातीवर दगड. डावा हात. घाम. उलटी. मघापासून. तू ये.

नांदेडहून किल्लारीला पोचायला साडेतीन तास लागतात.

चाचांच्या फोनवरून अँब्युलन्सला कॉल लावला. पलीकडच्या माणसाने नीट ऐकून घेतलं, गाव लिहून घेतलं आणि विचारलं, "पेशंटजवळ कोण आहे? त्यांचा नंबर सांगा."

"आई आहे. पण तिला ऐकू येत नाही. बोलताही येत नाही."

"मग दुसरं कोणी?"

"दुसरं कोणी न्हाई."

"ताई, गाडीवाल्याला घर विचारायला कुणीतरी लागेल ना. असं कसं जमेल?"

मी चाचांचाच नंबर दिला. म्हटलं, घर मी सांगते, गाडी निघू द्या.

घर सांगणं मात्र सोपं नव्हतं. भूकंपानंतर नव्याने वसवलेलं आमचं गाव. आखून दिलेल्या सरळ गल्ल्या आणि एकासारखं दुसरं घर. आमच्या भागात नवा माणूस दोनदा वळला की त्याला वाटतं, आपण मघाच्याच गल्लीत आलो. पाहुणे आले की आप्पा नाक्यावर जाऊन उभे राहायचे. फोनवरून घराचा ठिकाणा, म्हणजे लोकेशन, पाठवता येतो, हे मी दिवाळीत आईला शिकवायला बसले होते. दोनदा तिचं चुकलं. तिसऱ्यांदा मी चिडून फोन हातातून घेतला आणि म्हणाले, राहू दे, तुझं काय काम पडतंय. हे मला त्या बोळात उभं राहून आठवत होतं.

शेजाऱ्यांना फोन लावले. उजवीकडचं घर लग्नाला उदगीरला गेलेलं. डावीकडचे काका उसाच्या फडात, फोन कव्हरेजच्या बाहेर. नाक्यावरचा किराणा दुकानदार आमचे निरोप पोचवायचा. त्याने पहिल्याच रिंगला उचलला, पण तो होता लातूरला, माल भरायला. "घरी लावून बघतो," म्हणाला, आणि मग, "बायको उचलून नाही राहिली ओ."

मी आईला क्लिप पाठवली. पांढरी गाडी येतेय. नाक्यावर जा. हात दाखव.

उलट क्लिप आली. त्यात तिने एकच खूण केली, तळहात आडवा, दोनदा. नाही. आणि मग आप्पांकडे बोट. त्यांना सोडून ती जाणार नव्हती. मला तिचा राग आला आणि ती बरोबर आहे हेही कळत होतं.

तेवढ्यात चाचांचा फोन वाजला. गाडीवाला होता. चाचांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. तू तुझं कर, असा. आणि त्याच्याशी बोलायला लागले, "हां भाई, आपण आत्ता कुठं पोचलात? हां. आते रहो, रुकना नहीं, मी सांगतो."

माझ्या डोक्यात घरातली खोली फिरत होती. मशीन, कपाट, शाळेच्या गणवेशांचा ढीग, कोपऱ्यात अस्तराच्या कापडाचा ताका. लाल. मी पुन्हा फोन टेकवला आणि सांगितलं. ताका घे. दारातून बाहेर. एक टोक आपल्या फाटकाला बांध, दुसरं समोरच्या खांबाला. गल्ली बंद कर. मग कात्रीजवळ परत ये.

ही क्लिप गेली. एक टिक. चाचा गाडीवाल्याला गावाच्या कमानीपाशी थांबवून धरत होते. दुसरी टिक पडत नव्हती. मी फोन डोक्याच्या वर धरून बोळाच्या टोकापर्यंत गेले, जसं काही रेंज माझ्याकडेच कमी होती. मग दुसरी टिक पडली. तिने पाहिलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. उत्तर आलं नाही. पाच मिनिटं, सहा मिनिटं, काहीच नाही. मला वाटलं, आप्पा गेले आणि आई फोनकडे बघत नाहीये.

चाचांच्या फोनमधून गाडीवाल्याचा आवाज आला. "चाचा, इथं गल्लीत आडवं लाल कापड ताणलंय. लई लांब. हेच का?"

"हाव, तेच!" मी ओरडले. काउंटरवरची रांग बोळाकडे बघायला लागली.

गाडीबरोबर एक डॉक्टर होता, आवाजावरून तरुण वाटला. त्याच्या फोनला वेगळ्या कंपनीचं कार्ड होतं आणि आमच्या गल्लीत त्याची रेंज चांगली होती. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या फोनवरून मला व्हिडिओ लावा आणि फोन आईसमोर धरा. तुम्ही विचारा, मी सांगते." त्याने एका शब्दानेही वाद घातला नाही. पहिल्यांदाच चित्र स्वच्छ आलं. तो विचारत होता, मी हातांनी आईला विचारत होते, आई सांगत होती, मी तोंडाने त्याला सांगत होते. शुगर आहे का? न्हाई. बीपी? गोळी चालू आहे, सकाळची घेतली. आधी कधी असं? मागच्या आठवड्यात जिना चढताना, पण कुणाला सांगितलं नाही. हे मला माहीत नव्हतं.

"ही गोळी चावून खायला सांगा. गिळायची नाही."

मी आप्पांसाठी चावण्याची खूण केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी थकलेल्या डोळ्यांनी, आणि गोळी चावली.

गाडी औश्याच्या रस्त्याने लातूरला निघाली आणि मी लातूरची बस पकडली. लॅबच्या मालकांना चाचांनी सांगितलं असावं, मला ते सुचलंही नाही.

लोह्याच्या पुढे दवाखान्यातून फोन आला. तातडीने अँजिओग्राफी करायची, ब्लॉक असेल तर लगेच उघडायचा, सहीला कोण आहे? मी म्हटलं, आई आहे, तिला व्हिडिओवर घ्या. बस खड्ड्यातून चालली होती. एका हाताने पुढच्या सीटचा दांडा धरला तर खुणा अर्ध्या होतात, आणि सोडला तर मी पडते. शेजारच्या बाईंनी काही न विचारता माझा फोन हातात धरला आणि दुसरा हात माझ्या पाठीला लावला. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सांगा, जिवाला धोका होऊ शकतो, तरी करणं गरजेचं आहे."

मी सात वर्षांची होते तेव्हा एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला जवळ बोलावून सांगितलं होतं, "आईला सांग, पोटातलं बाळ राहिलं नाही." मला 'राहिलं नाही' याची खूण माहीत नव्हती. मी बाळ केलं आणि मग हात रिकामे करून दाखवले. आईने खूप वेळ माझ्या हातांकडे पाहिलं होतं.

बसमध्ये मला खूण माहीत होती. मी ती केली. आईने मान हलवली आणि सही गिरवली.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा चार वाजत आले होते. ब्लॉक उघडला होता, आप्पा आयसीयूत होते. आई बाहेर बाकावर बसलेली. मला बघून ती उठली नाही. एवढंच विचारलं, आत का सोडत नाहीत? तिथल्या वॉचमनने तिला काहीतरी सांगितलं होतं, तोंडाला मास्क लावून. तिला त्यातलं काय कळणार?

"भेटायची वेळ पाच ते सहा," वॉचमन म्हणाला. "आणि मोबाइल आत चालत नाही."

काचेच्या दारातून मला आप्पांची खाट दिसत होती. त्यांची दोन्ही मनगटं पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेली होती.

मी वॉचमनला बाजूला सारलं की तो स्वतः बाजूला झाला, मला आठवत नाही. आत एक सिस्टर धावत आल्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या.

"अहो, असं आत येता येत नाही!"

"त्यांचे हात का बांधलेत?"

"सलाईन उपसायला लागले होते. सारखे हात उडवत होते. दोनदा समजावलं, ऐकतच नाहीत."

"त्यांना ऐकू येत नाही, सिस्टर. ते हात उडवत नव्हते, बोलत होते. तुम्ही त्यांचं तोंड बांधलंय."

सिस्टर थबकल्या. "केसपेपरवर तसं कुठं लिहिलंय?" त्यांनी कागद उलटसुलट केला. खरंच लिहिलेलं नव्हतं. संगणकात भरायच्या फॉर्ममध्ये वय, वजन, शुगर, बीपी, सगळ्याला जागा होती. माणूस बोलतो कसा, याला जागाच नव्हती. मग त्या वाकल्या आणि आधी उजवी पट्टी सोडली, मग डावी.

आप्पांचे हात काही वेळ पांढऱ्या चादरीवर तसेच पडून राहिले. मग उजवा हात हळूच उठला. माझ्या गालाकडे बोट केलं, माझ्या गालावर खळी आहे, तीच माझी खूण. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी सिस्टरांना मोठ्याने सांगितलं, "त्यांना लघवीला झालीय. दोन तासांपासून."

सिस्टरांच्या चष्म्यामागे पाणी आलं की नाही, मी पाहिलं नाही. त्यांनी लगबगीने पडदा ओढला.

नंतरचे तीन दिवस मी आयसीयूच्या बाहेर होते. पहिल्याच संध्याकाळी त्या सिस्टर स्वतःच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मला थोडं शिकवता का? तुम्ही नसताना काय करायचं?" मी त्यांच्या वॉर्डच्या टॅबवर क्लिपा भरून दिल्या. दुखतंय का? कुठे? पाणी? लघवी? उलटी? थंडी वाजते? आता सुई टोचणार. हात हलवू नका, कारण सलाईन आहे. घरचे बाहेर आहेत. एकेक क्लिप चार-पाच सेकंदांची, आणि अक्षर न कळणाऱ्यासाठी प्रत्येकीवर एक चित्र. तिसऱ्या दिवशी आप्पांना वॉर्डात हलवल्यावर त्या क्लिपा पुन्हा काढल्या, आणि या वेळी खुणा मी नाही, त्यांनीच करून दाखवल्या. मी करते त्या घाईच्या असतात, म्हणाले. खुणांना घाई केली की त्या तोंडातल्या तोंडात बोलल्यासारख्या होतात.

घरी आल्यावर मी अँब्युलन्सच्या त्या यंत्रणेकडे ऑनलाइन तक्रार केली. खरं तर तक्रार नव्हती, विनंती होती, की मेसेजवरून किंवा व्हिडिओवरून गाडी मागवायची सोय करा. संपर्कासाठी मुद्दाम आईचा नंबर दिला. आठवड्याने आईचा फोन थरथरला. मी तिथंच होते. तिने स्पीकरचं बटण दाबून फोन माझ्यापुढे धरला. रेकॉर्ड केलेला एक गोड आवाज सांगत होता, आपली तक्रार निकाली निघाली असल्यास एक दाबा, समाधान झाले नसल्यास दोन दाबा. आईने विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. ती खो-खो हसली. मला हसू आलं नाही. मी दोन दाबलं. पुढे काही झालं नाही.

दोन महिन्यांनी तपासणीसाठी आप्पांना लातूरला नेलं. रविवार होता. बसस्टँडजवळच्या एका चहाच्या टपरीपाशी दर रविवारी लातुरातले बहिरे लोक जमतात. कुणी सुतार, कुणी ऑफसेट प्रेसमध्ये, एक जण शाळेत शिपाई. आप्पांचे दोघं-तिघं शाळेतले सोबती आहेत. आप्पा आत जाताच हातांचा एकच गलबला झाला. मग त्यांनी गोष्ट सांगायला घेतली. लाल कापड गल्लीत आडवं ताणलेलं दाखवताना त्यांनी दोन्ही हात असे पसरले की चहावाल्याचे ग्लास थोडक्यात वाचले. सगळे हसले. मग त्यांनी मनगटं एकाला एक लावून दाखवली. कुणी हसलं नाही.

आयसीयूतलं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. तिथे सांगितलं. डोळे उघडले तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला कापड होतं. ओठ दिसत नव्हते. छतावर दिवे. वाटलं, मी मेलोय, आणि हे मेल्यानंतरचे लोक आहेत. विचारायला हात उचलला तर त्यांनी हात बांधले.

सुतारकाम करणाऱ्या माणसाची बायकोही बहिरी आहे आणि मुलगी पाच वर्षांची. त्याने विचारलं, "तुझी पोरगी फोनवर होती. माझ्याकडे कोण आहे?"

मी मध्ये बोलणार होते, क्लिपांबद्दल, ठिकाणा पाठवण्याबद्दल. आप्पांनी मला थांबवलं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, ऐकणारी तीन माणसं शोधा, तुमचा व्हिडिओ आला की हातातलं काम टाकून बघतील अशी. आत्ताच मोजा.

सगळ्यांनी हाताची मूठ केली आणि एकेक बोट उघडायला लागले. विचार करत, थांबत, एखादं बोट उघडून पुन्हा मिटत. शिपाईदादांची दोन बोटं उघडली. प्रेसवाल्याचं एक. सुतार आपल्या मुठीकडे बघत बसला होता.